एका वाटेची नौका : गोव्याच्या नद्यांवरील खनिजवाहू बार्जचा उत्कर्ष आणि अस्त

गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी देवळे, किल्ले, राजवटी आणि शिलालेख यांची पुष्कळ दखल घेतली. नद्यांवर चाललेल्या वाहतुकीची तेवढी दखल घेतली गेली नाही. वास्तविक पेडणे आणि डिचोली या दोन्ही महालांचे जीवन शतकानुशतके पाण्याच्या वाटेने चालत आले आहे. तेरेखोल आणि शापोरा या नद्यांनी पेडण्याची उत्तर-दक्षिण सीमा आखली. डिचोलीची नदी आणि साखळीची वाळवंटी यांनी डिचोलीचे पाणी व माल मांडवीपर्यंत पोहोचवला. या वाटेवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एका विशिष्ट नौकेने राज्य केले. लोहखनिज वाहणारी पोलादी बार्ज ती हीच. तिचा उदय, भरभराट आणि ऱ्हास हे सारे जेमतेम साठ-पासष्ट वर्षांत घडून गेले. आपल्यापैकी ज्येष्ठांनी तिचा आरंभ ऐकला आहे, मधला काळ पाहिला आहे आणि अखेरही पाहिली आहे. एखाद्या वाहनाचे संपूर्ण आयुष्य एका पिढीच्या डोळ्यांसमोर संपावे, असा योग इतिहासात वारंवार येत नाही. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलात विचार करावा, असे आम्हांस वाटले.

बार्ज येण्यापूर्वी या नद्या रिकाम्या होत्या, असा समज कोणी करून घेऊ नये. पोर्तुगीजांनी १७८१ ते १७८८ या काळात सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश घेतले आणि हा मुलूख नव्या काबिजादीत मोडू लागला. त्याआधी आणि त्यानंतरही येथील व्यापाराचा आधार होता तो पडाव, मचवे आणि फतेमारी यांचाच. घाटमार्गाने बैलांच्या तांड्यांवरून आलेला माल नदीकाठी उतरे आणि तेथून पाण्याने खाली जाई. उलट वाटेने किनाऱ्याचे मीठ, नारळ, सुकी मासळी आणि कौले वर येत. जाताना एक माल, येताना दुसरा, हा या नौकांचा नेम होता. भात कमी आले तर मीठ असे, मीठ कमी झाले तर नारळ असे. एखाद्या वर्षी व्यापार बसला, तरी पडाव धक्क्याला बांधून ठेवण्याची पाळी सहसा येत नसे. पुढील विवेचनात या गोष्टीचे महत्त्व वारंवार येणार आहे, म्हणून ती येथेच नोंदवून ठेवतो.

एका मालावर अवलंबून राहिल्यास काय होते, याचा धडा गोव्याला मिठाने एकदा दिला होता. पेडण्यातील आगरवाडा आणि बार्देशातील कित्येक गावे मिठागरांवर जगत. २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगाल आणि इंग्लंड यांच्यात करार झाला. तो १८८० पासून अमलात आला. मुरगाव बंदर आणि रेल्वे यांच्या उभारणीची वाट या कराराने मोकळी झाली. पण त्याच कराराने गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचा आणि विक्रीचा मक्ता ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेला. मिठावर निर्बंध आले आणि मिठागरांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांची कोंडी झाली. हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. पण बारा वर्षांत मोडलेली घडी पुन्हा पूर्ववत बसणे सोपे नव्हते. मीठ समुद्राचे, आगरे आपली, मेहनत आपल्या माणसांची, आणि निर्णय मात्र लिस्बन आणि लंडन येथे झालेला. पुढे लोहखनिजाच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसले.

लोहखनिजाची कथा कागदावर १९०६ च्या पोर्तुगीज खाण-हुकुमापासून सुरू होते. प्रत्यक्ष निर्यातीला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच वेग आला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानला आपले पोलाद-कारखाने उभारण्यासाठी धातुक हवे होते आणि ते डिचोली, सत्तरी, सांगे यांच्या डोंगरांत होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी चौगुले यांनी शिरगावच्या खाणीच्या यांत्रिकीकरणासाठी जपानी कंपनीशी करार केला. लईराई देवीच्या या गावाचे नाव त्यामुळे दूरच्या पोलाद-व्यवसायात पोहोचले. १९५४ मध्ये इटालियन भांडवलाची सेझा ही कंपनी गोव्यात स्थापन झाली. धेंपे, साळगावकर, तिंबले, बांदोडकर ही नावे याच काळात पुढे आली. यांपैकी दयानंद बांदोडकर यांचा जन्म पेडण्याचा, १९११ मधला. खाणमालक असलेले हे गृहस्थ १९६३ मध्ये मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, हे सर्वश्रुत आहे. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सत्तेला परकीय चलन मिळवून देणारा मोठा आधार म्हणजे हीच खनिज-निर्यात होती.

परंतु डोंगरातले धातुक मुरगावला पोहोचवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. डिचोलीच्या खाणींपासून बंदरापर्यंत रेल्वे नव्हती. रस्ते अरुंद होते आणि मोठ्या नद्यांवर पूल नव्हते. नदी मात्र होती. आरंभीच्या काळात माणसे, विशेषतः स्त्रिया, डोक्यावर पाट्या घेऊन फळीवरून चढत आणि पडावांत खनिज ओतीत. लाकडी पडाव या मालाच्या वजनाला आणि घासणीला पुरे पडेनात. पोलादी बार्ज ही या अडचणीतून निर्माण झालेली गरज होती. वास्को येथील ज्या गोदीत आज नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या नौका बांधल्या जातात, ती ‘गोवा शिपयार्ड’ १९५७ मध्ये पोर्तुगीज अमदानीत ‘एस्तालेयरुश नावायश द गोवा’ या नावाने सुरू झाली, आणि तिचा मूळ हेतू वाढत्या खाण-व्यवसायासाठी बार्ज बांधणे हाच होता. युद्धनौका बांधणाऱ्या संस्थेचा जन्म खनिज वाहणाऱ्या नौकेसाठी व्हावा, ही गोष्ट आज फार थोड्यांस ठाऊक आहे. पुढे मांडवी आणि जुवारीच्या काठांवर खाजगी गोद्याही उभ्या राहिल्या.

बार्ज म्हणजे काय, हे तरुण वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ती दिसण्यात देखणी नौका नव्हती. तळ सपाट, अंग लांबट, मधोमध मालाचे खोल पोट, मागच्या टोकाला यंत्रघर आणि त्याच्यावर सुकाणूची कोठडी. आरंभीच्या बार्ज काही शे टनांच्या होत्या. पुढे हजार, दीड हजार आणि अखेरच्या काळात दोन हजार टनांहून अधिक माल एका खेपेला नेणाऱ्या बार्ज बांधल्या गेल्या. पूर्ण भरलेली बार्ज पाण्यात एवढी बुडालेली असे की, काठावरून पाहणाऱ्यास फक्त खनिजाचा तांबडा ढीग पाण्यावरून सरकताना दिसे. आमोणे, न्हावेली, सुर्ल, सारमानस येथील जेट्यांवर ट्रकांनी आणलेले धातुक तिच्यात ओतले जाई. मग ती मांडवीतून उतरत पणजीसमोरून जाई आणि आग्वादच्या मुखातून मुरगावकडे वळे. तेथे धक्क्यावरील यंत्रसामग्रीच्या साहाय्याने किंवा खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजांत तिचा माल रिता होई. मुरगावचा यांत्रिक खनिज-धक्का, ज्याला बंदरात ‘नऊ नंबर’ म्हणत, १९७९ च्या सुमारास कार्यान्वित झाला आणि बार्जच्या खेपांना नवा वेग आला.

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आडवा येतो आणि लाटा फुटू लागतात. हे मुख त्या काळात नौकांना बंद होते. अशा वेळी बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरत. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा हा सुमारे १७ किलोमीटरचा अरुंद जलमार्ग, काठावर कांदळवने, पाण्यात मगरी, आणि त्यातून एकमेकींना वाट देत चाललेल्या भरल्या-रित्या बार्ज, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांस तांडेलाचे कौशल्य म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

हे कौशल्य पुस्तकात शिकवले जात नव्हते. भरलेल्या बार्जला पाण्याची खोली हवी, म्हणून तिचे वेळापत्रक घड्याळापेक्षा चंद्रावर अधिक चाले. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत येथील दर्यावर्दी घरांत सर्वांस पाठ होती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पाणी भरणार, अष्टमीला सहाच्या सुमारास. पण हा झाला नदीच्या मुखाचा हिशेब. आमोण्यापर्यंत तीच भरती किती उशिराने चढते, उधाणाला कोणत्या जागी किती हात पाणी मिळते, भांगाच्या दिवसांत कोणते वळण टाळावे, हे सारे अनुभवाने कळे. पूर्वी पडाव हाकणाऱ्या घरांतील मुलगे पुढे बार्जवर खलाशी म्हणून लागले, खलाशाचे तांडेल झाले, परीक्षा देऊन परवाने मिळवले. पडाव गेला, तरी नदीचे ज्ञान बार्जच्या रूपाने टिकले. लाकडाच्या जागी पोलाद आले आणि शिडाच्या जागी यंत्र, पण पाणी वाचणारा डोळा तोच राहिला. बार्जचे हे एक ऋण आपण मान्य केले पाहिजे.

मुक्तीनंतरच्या पहिल्या चार दशकांत हा व्यवसाय चढ-उतारांसह वाढतच गेला. जपान हे मुख्य गिऱ्हाईक होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी आली आणि सारेच प्रमाण बदलले. पूर्वी ज्या हलक्या प्रतीच्या धातुकास कोणी विचारीत नव्हते, तेही जहाजात चढू लागले. २०१०-११ या वर्षी गोव्यातून होणारी निर्यात, कर्नाटकातून आलेला माल धरून, पाच कोटी टनांच्या आसपास पोहोचली. या मालाचा फार मोठा भाग नदीनेच उतरला. त्या वेळी गोव्याच्या नद्यांवर साडेतीनशेच्या आसपास बार्ज होत्या. त्या साऱ्या बड्या खाण-कंपन्यांच्या नव्हत्या. बँकांची कर्जे काढून, भावाभावांनी भागी करून, घर वा जमीन गहाण ठेवून मध्यम स्थितीतील कुटुंबांनीही बार्ज बांधल्या. डिचोली, तिसवाडी, मुरगाव भागांतील कित्येक घरांची मुले या नौकांच्या मिळकतीवर अभियंते आणि डॉक्टर झाली.

परंतु या चित्राची दुसरी बाजू दडवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या शिरगावातून हा व्यवसाय जोमाने वाढला, त्याच शिरगावच्या विहिरी आणि शेते खाणींमुळे संकटात आली. पावसाबरोबर वाहून आलेल्या गाळाने नदीपात्रे भरली. भरधाव बार्जच्या लाटांनी खाजन शेतांचे बांध खचले, मानसी निकामी झाल्या, खारे पाणी भातशेतीत शिरले. आम्ही शासकीय सेवेत असताना बांध फुटल्याच्या तक्रारींचे अर्ज पाहिले आहेत. अर्ज देणारा शेतकरी आणि बार्जवरील खलाशी हे कित्येकदा एकाच वाड्यावरचे, क्वचित एकाच घरातले असत. एकाची शेती ज्या लाटेने बुडाली, ती लाट दुसऱ्याच्या पगाराची होती. हा पेच कोणत्याही फाईलवर सुटण्यासारखा नव्हता. बार्जच्या अस्ताबद्दल हळहळ व्यक्त करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अस्त आला तो न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालाने. सप्टेंबर २०१२ मध्ये हा अहवाल संसदेसमोर आला. गोवा शासनाने १० सप्टेंबर रोजी खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या उत्खननावर आणि वाहतुकीवर बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. पण त्याच निकालात, १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतरित झालेल्या जुन्या पोर्तुगीज सवलतींची मुदत २००७ मध्येच संपली होती, असे न्यायालयाने ठरवले. शासनाने पुन्हा दिलेले ८८ पट्टे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. मधल्या काळात साठवलेल्या खनिजाच्या ई-लिलावामुळे थोड्या खेपा मिळाल्या. परंतु लिलावाच्या मालावर साडेतीनशे बार्ज जगणे शक्य नव्हते.

नौका बंद पडली म्हणजे ती जशीच्या तशी राहते, अशी काठावरच्या माणसाची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. चालती नौका जेवढी झिजत नाही, तेवढी उभी नौका कुजते. मांडवीचे पाणी भरतीला खारे आणि पावसात गोडे. अशा मचूळ पाण्यात पोलादाला गंज लवकर चढतो. चालत्या बार्जच्या तळाला शिंपले आणि कालवे सहजी धरत नाहीत, उभ्या बार्जवर त्यांची वसाहतच होते. पोटात झिरपलेले पाणी दररोज उपसावे लागते, म्हणून मिळकत शून्य असतानाही एक-दोन माणसे बार्जवर ठेवावीच लागतात. नियतकालिक तपासणीसाठी तिला गोदीत चढवायचे, पत्र्याची जाडी मोजायची, पातळ झालेले पत्रे बदलायचे, विमा आणि परवाना चालू ठेवायचा, हा खर्च तर वेगळाच. खेपा नसताना हा भार किती मालकांना पेलला असेल, याची कल्पना करावी. राज्य शासनाने खाणग्रस्तांसाठी अर्थसाहाय्याच्या आणि कर्जफेडीच्या योजना आणल्या, त्यांचा काहींना आधार झाला. तरीही जुन्या बार्ज एकामागून एक मोडीत निघाल्या. काही राज्याबाहेर कामाला गेल्या. काही काठालाच कलल्या आणि चिखलात रुतल्या. वीस-पंचवीस वर्षांची नौका गॅसच्या ज्योतीने काही दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी कापली जाते आणि टनाच्या भावाने विकली जाते. तिचे नाव, बहुधा देवाचे किंवा घरातील मुलीचे, भंगाराच्या पावतीवर कोठेच येत नाही.

रुतलेल्या नौकेचे काय होते, हे गोव्याने त्यापूर्वीच अनुभवले होते. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे मोठे जहाज कांदोळीच्या किनाऱ्यावर वादळी समुद्रात रुतले. मालकी, भरपाई आणि कंत्राटे यांच्या वादांत ते तेथे सुमारे बारा वर्षे गंजत पडले. नौका तरंगत असते तोवर तिचे अनेक धनी असतात. ती रुतली की तिचे ओझे सार्वजनिक होते, हा त्यातून मिळालेला बोध.

या ठिकाणी परदेशातील एका उदाहरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. उत्तर अमेरिकेत संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमेवर पाच महासरोवरे आहेत. तेथेही लोहखनिज खाणींतून निघते, सरोवरांच्या पाण्याने पोलाद-कारखान्यांकडे जाते आणि त्यासाठी खास लांबट जहाजे बांधली जातात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियर सरोवरातील वादळात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे असेच खनिजवाहू जहाज २९ खलाशांसह बुडाले, ही घटना जगभर माहीत झाली. तेथेही व्यवसायाला ओहोटी लागली. १९८० च्या दशकात पोलादाची मागणी घसरली, तेव्हा कित्येक जुनी जहाजे मोडीत गेली. तरीसुद्धा त्या सरोवरांवर शंभरी गाठणारी जहाजे आढळतात. १९०६ मध्ये खनिज वाहण्यासाठी बांधलेले एक जहाज अनेक नावे बदलत ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ या नावाने २०१३ पर्यंत स्वतःच्या यंत्राने चालत होते. त्यानंतरही त्याचे यंत्रघर काढून सांगाडा बार्ज म्हणून वापरात ठेवण्यात आला.

आमची बार्ज तिशी गाठताना दमते आणि तेथले जहाज शंभरीला पोहोचते, याचे पहिले कारण पाण्यात आहे. महासरोवरांचे पाणी गोडे. गोड्या पाण्यात पोलाद संथपणे गंजते. शिवाय हिवाळ्यात सरोवरे गोठतात तेव्हा जहाजे धक्क्याला बांधून त्यांची डागडुजी करण्याचा तेथे वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. परंतु दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. ‘चॅलेंजर’ शंभर वर्षे चालले ते खनिज वाहून नव्हे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्यात फेरबदल करून ते सिमेंट वाहू लागले. त्या सरोवरांवर खनिजाबरोबर कोळसा, चुनखडी, धान्य आणि सिमेंट यांचीही ये-जा आहे. एक माल मंदावला तर जहाज दुसऱ्या मालाकडे वळू शकते.

गोव्याच्या बार्जला असे वळण घेता आले नाही. ती भरून खाली जाई आणि रिकामी वर येई. आयुष्यभर एकच माल आणि एकच दिशा. मांडवीतून वर डिचोलीला नेण्याजोगा, बार्जच्या पोटाला साजेसा माल सहा दशकांत कोणी शोधला नाही, कारण खनिजाच्या एकेरी खेपेतच पुरेशी मिळकत होती. सिमेंट, कोळसा, धान्य, खत हे सारे रस्त्याने आणि रेल्वेने येत राहिले. म्हणूनच २०१२ साली खाण थांबली त्या दिवशी नदीही थांबली. बार्ज म्हाताऱ्या झाल्या होत्या म्हणून हा व्यवसाय संपला, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. वयामुळे बार्ज मोडीत गेल्या हे खरे, पण त्या निकामी झाल्या त्या एकाच मालाशी बांधल्या गेल्यामुळे.

पेडण्याशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पेडण्याला डिचोलीसारखा मोठा खनिज-पट्टा लाभला नाही. तेरेखोलच्या पलीकडे रेडीला खाणी होत्या, अलीकडे बहुतांशी शेती, बागायत आणि मिठागरे. म्हणून शापोरा आणि तेरेखोल या नद्यांवर बार्जचे साम्राज्य कधी उभे राहिले नाही. तेथे लहान होड्या, मीठ व नारळ वाहणारे पडाव आणि फेरीबोटी एवढाच पसारा होता. तोही ओसरला, पण हळूहळू. पूल झाले, ट्रक आले, मीठ परवडेनासे झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर होडीवाल्यांना दुसरे काही धरायला अवधी मिळाला. कोणी मासेमारीत गेले, कोणी वाळू काढण्यात, कोणी गाव सोडून मुंबईला. पेडण्याची नौका उतरणीने खाली आली आणि डिचोलीची कड्यावरून कोसळली. वैभव डिचोलीने अधिक पाहिले, हे खरे. पण आघातही तिलाच अधिक बसला.

त्यानंतरच्या घडामोडी वाचकांस ठाऊक आहेतच. नव्या कायद्याप्रमाणे खाणपट्ट्यांचे लिलाव डिसेंबर २०२२ पासून झाले. पहिल्या लिलावांत डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे डिचोली तालुक्यातीलच पट्टे होते. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले. त्यामुळे काही बार्ज पुन्हा नदीत दिसू लागल्या आहेत. पण पूर्वीचा ताफा परत येईल, अशी आशा बाळगण्यास आधार दिसत नाही. उत्पादनाला मर्यादा आहे, जुन्या नौका कापल्या गेल्या आहेत आणि मुख्य म्हणजे माणसे पांगली आहेत. पाच-सहा वर्षे नदीपासून दूर गेलेला तरुण खलाशी पुन्हा सुकाणू धरायला सहसा येत नाही. मधल्या काळात मांडवीत पणजीसमोर मोठ्या नौका उभ्या राहिल्या, त्या जुगाराच्या. त्या माल नेत नाहीत आणि त्यांना भरती-ओहोटीचा हिशेबही फारसा करावा लागत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील एकूण १११ जलमार्गांची यादी केली. तीत गोव्यातील सहा जलमार्ग आहेत: शापोरा (क्रमांक २५), कुंभारजुवे (२७), मांडवी (६८), म्हापसा (७१), साळ (८८) आणि जुवारी (१११). नद्यांवरील राज्याचा अधिकार कमी होईल, या शंकेने गोव्यात या कायद्याला विरोधही झाला, आणि ती शंका गैरलागू म्हणता येणार नाही. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा जाऊन त्याजागी २०२१ चा नवा कायदा आला. कागदावर जलमार्ग झाले. पण या जलमार्गांवरून काय जाणार आणि काय येणार, हा मिठाच्या काळापासूनचा प्रश्न अनुत्तरित आहे. नदीला पुन्हा वाट करायची असेल, तर ती अनेक मालांची आणि दोन्ही दिशांची वाट व्हावी, काठच्या शेताला आणि बांधाला सोसेल अशा नौकांची व्हावी. एकाच मालाच्या भरवशावर तिसऱ्यांदा ताफा उभारणे हा शहाणपणा ठरणार नाही.

धोरण ठरवणे आपल्या हाती नाही. परंतु एक काम आपल्या हाती नक्की आहे. डिचोली, साखळी, आमोणे, न्हावेली, पेडणे येथील जुन्या घरांत पडाव आणि बार्ज यांचे कागद अजून आहेत. धक्क्यांच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, नौका पाण्यात सोडतानाची छायाचित्रे, परवान्यांच्या प्रती आहेत. उधाणाचे हिशेब तोंडपाठ असलेले तांडेल आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नदीच्या वळणांना आणि उथळ जागांना त्यांनी दिलेली नावे कोणत्याही नकाशात नाहीत, आणि ती माणसे गेली की ती नावेही जातील. मिठागरांवरील आणि पडावांवरील मागच्या पिढ्यांची माहिती आपण अशीच हरवली. सभासद-कुटुंबांनी आपापल्या घरातील असे कागद पाहावेत, वृद्धांकडून ऐकलेले उतरवून घ्यावे आणि ते संस्थेच्या संग्रहात द्यावे, ही विनंती. शंभर वर्षांनी कोणी या नद्यांचा इतिहास लिहू लागला, तर त्याच्या हाती केवळ न्यायालयाचे निकाल आणि निर्यातीचे आकडे पडू नयेत. त्या नौकांवर आयुष्य काढलेल्या आपल्या माणसांचे शब्दही त्याला मिळावेत.